मुरघासात आंबट हवं, गोबरगॅसमध्ये नको

धाड परिसरात सोयाबीन-कपाशीच्या जोडीला मक्याची वावरं आहेत, आणि बऱ्याच गोठ्यांत चार-दोन दुभती जनावरंही. अशा घरांतून दोन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. पहिला: "पिशवी घट्ट बांधली होती, तरी मुरघास काळा कसा पडला?" दुसरा: "रोज शेण कालवून टाकतो, तरी शेगडी पेटत का नाही?" प्रश्न वेगळे वाटतात, पण दोन्हींचं मूळ एकच आहे. मुरघासाची पिशवी असो की गोबरगॅसची टाकी, आत काम करणारे जिवाणू हवेशिवाय जगणारे असतात. ते काय खातात आणि काय मागे टाकतात, एवढं कळलं की निम्म्या तक्रारी तुमच्या तुम्हीच सोडवाल.

हवा नसताना आत काय होतं

प्राणवायू मिळाला की जिवाणू अन्न पार शेवटपर्यंत जाळतात. त्यातून कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि भरपूर उष्णता निघते. उकिरडा उकरला की आतून वाफा येतात, त्या याच्याच.

प्राणवायू नसला की हे जाळणं अर्ध्यावर थांबतं. साखरेच्या एका रेणूतून हवेवर जगणाऱ्या पेशीला ऊर्जेची सुमारे ३० नाणी मिळतात. शास्त्रात त्यांना एटीपी म्हणतात. दुधाचं दही लावणाऱ्या जातीच्या जिवाणूंना हवेशिवाय मिळतात फक्त २. बाकीची ऊर्जा जाते कुठे? ती त्यांनी मागे टाकलेल्या पदार्थांतच राहते: मुरघासात लॅक्टिक आम्लात, गोबरगॅसमध्ये मिथेनमध्ये. हवेशिवाय जगणारे सूक्ष्मजीव असतात हे लुई पाश्चरने १८६१ मध्ये दाखवलं. या सूक्ष्मजीवांनी न वापरलेल्या ऊर्जेवर आज तुमची म्हैस दूध देते आणि चहाचं आधण उकळतं.

फरक आहे तो थांबण्याच्या जागेत. मुरघासात काम आम्लापाशी थांबलं पाहिजे. आंबटपणा इतका वाढावा की पुढचे सगळे जिवाणू गारद व्हावेत. गोबरगॅसमध्ये उलट: आम्ल तयार होताच दुसऱ्या गटाने ते खाऊन मिथेन केलं पाहिजे. तिथे आम्ल साचलं की गॅस बंद. एकाचं औषध दुसऱ्याचं विष आहे, आणि चुका नेमक्या इथेच होतात.

आधी ठरवा: तुम्हाला काय परवडेल

- मका एकदम कापणीला येतो आणि उन्हाळ्यात वैरणीला पैसे मोजावे लागतात, तर मुरघास.
- जनावरं गोठ्यातच बांधलेली असतात, शेण रोज हाताशी असतं आणि तेवढंच पाणीही, तर गोबरगॅस.
- जनावरं दिवसभर चरायला जात असतील तर शेण निम्मंच हाती लागतं. गोबरगॅसचा आकार त्या निम्म्यावर ठरवा.
- उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढणाऱ्या वस्तीने मोठी टाकी बांधू नये. शेणाइतकंच पाणी रोज लागतं; ते नसेल तर बांधकाम वाया जातं.

मुरघास: कापणीची वेळच सगळं ठरवते

कणसातला दाणा नखाने दाबा. पातळ पांढरा चीक उडाला तर थांबा. दाण्याचा वरचा अर्धा भाग घट्ट आणि खालचा दुधाळ असेल तेव्हा कापा. त्या वेळी ताटात साधारण ६५ ते ७० टक्के पाणी असतं.

मापाचं यंत्र लागत नाही. कुटी केलेला चारा मुठीत घेऊन अर्धा मिनिट घट्ट आवळा आणि मूठ उघडा.

- बोटांतून पाणी गळलं: चारा फार ओला आहे. एक-दोन दिवस थांबा, किंवा कोरडं कुटार मिसळा. ते पाणी शोषून घेतं.
- गोळा हळूहळू सुटला, तळहात नुसता ओलसर झाला: लगेच भरा.
- गोळा झालाच नाही, चारा भुरभुर पडला: उशीर झाला. कुटी आणखी बारीक करा आणि दाबायला जास्त माणसं लावा, कारण कोरड्या चाऱ्यात हवा अडकून राहते.

ओला चारा भरण्याचा मोह पावसाळी मक्यात फार होतो. ट्रॅक्टर आलेला असतो, कुटी मशीनवाल्याला पुढच्या गावाला जायचं असतं आणि आभाळ भरलेलं असतं. तरी थांबलेलं बरं. जास्त पाण्यात आम्ल पातळ होतं, आणि मातीतून आलेले क्लॉस्ट्रिडियम नावाचे जिवाणू फोफावतात. त्यांनाही हवा लागत नाही. पण ते लॅक्टिक आम्ल खाऊन ब्युटिरिक आम्ल करतात. उग्र, खवट, हाताला दिवसभर चिकटून राहणारा तो वास एकदा आला की चारा गेलाच समजा. पिशवी कितीही घट्ट बांधलेली असली तरी हे होतं. म्हणून फक्त हवा कोंडून भागत नाही. पाणी आणि माती यांचाही बंदोबस्त करावा लागतो.

मातीबाबत हयगय नको. ताटं जमिनीलगत न कापता चार-सहा इंच वर कापा. ट्रॉली झाडून घ्या. चारा तुडवणाऱ्यांचे पाय शेण-चिखलाने भरलेले नसावेत. जुन्या लोकांना हे चोचले वाटतात, पण क्लॉस्ट्रिडियमचं बी-बियाणं त्या चिखलातच असतं.

कुटी पाऊण इंचाच्या आसपास ठेवा. अर्ध्या-अर्ध्या फुटाचा थर टाकून प्रत्येक थर दाबा आणि भरणी शक्यतो एका दिवसात संपवा. भरल्यावर ४० ते ४५ दिवस उघडू नका. या काळात सामू (आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं जास्त आंबट) ४ च्या आसपास उतरतो, आणि पिशवीला भोक पडलं नाही तर चारा महिनोन्महिने तसाच राहतो.

आंबटपणाने चारा टिकवण्याची ही युक्ती किती मोलाची आहे, ते फिनलंडच्या आर्तुरी विर्तानेन यांच्या नोबेलवरून कळावं. हिरव्या चाऱ्यात सुरुवातीलाच आम्ल घालून सामू खाली आणण्याची पद्धत त्यांनी शोधली, आणि १९४५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये तिचा खास उल्लेख होता. मक्याला बाहेरून आम्ल घालावं लागत नाही; त्याच्या ताटात साखर पुरेशी असते. लसूणघासासारख्या द्विदल चाऱ्यात ती कमी असते, म्हणून तो एकटा मुरवायला घेऊ नका. मक्यात मिसळा किंवा गुळाचं पाणी द्या. दुकानदार मक्यासाठी जिवाणूंचं कल्चर, मीठ, युरिया, मिनरल मिक्श्चर असं सगळं गळ्यात मारतो. वेळेवर कापलेल्या आणि नीट दाबलेल्या मक्याला यातलं काहीही अत्यावश्यक नाही. युरियाचा हात जड झाला तर जनावराला विषबाधा होते. पहिल्या वर्षी तरी त्याच्या वाटेला जाऊ नका.

खड्डा की पिशवी? हिशेब करून बघा

चार दुभती जनावरं, प्रत्येकी रोज १५ किलो, १२० दिवस. एकूण ७,२०० किलो. नासाडी धरून ८ टन लागतील. ओलिताच्या मक्याचा एकरी १५ ते २० टन हिरवा चारा मिळतो, म्हणजे अर्धा एकर पुरे. एक घनमीटरात दाबलेला मुरघास साधारण ५५० किलो बसतो. तर ५ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि दीड मीटर खोल खड्डा हवा. इथपर्यंत सगळं छान जमतं, आणि गवंडीही हेच माप देतो.

घोटाळा पुढे आहे. खड्डा उघडला की समोरच्या भिंतीला हवा लागते. हवेवर जगणाऱ्या बुरशी आणि यीस्ट जाग्या होतात, आंबटपणा खाऊन टाकतात आणि चारा तापायला लागतो. ही तापलेली बाजू आत सरकण्याआधी तुम्ही ती कापून जनावरांपुढे टाकली पाहिजे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यासाठी रोज अर्धा फूट तरी भिंत मागे सरकायला हवी. वरच्या खड्ड्यातून रोज ६० किलो काढले, तर भिंत सरकते जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. दीड इंचही नाही. म्हणजे तुमच्याआधी बुरशी जेवणार.

चार-पाच जनावरं असतील तर ५० किलोच्या पिशव्या भरा. उघडलेली पिशवी त्याच दिवशी संपवायची. ५०० किलोची बॅग आठ दिवस उघडी राहते. हिवाळ्यात चालेल, मे महिन्यात नाही. खड्डा किंवा बंकर पंधरा-वीस जनावरांच्या पुढे शोभतो, आणि तेव्हाही रुंदी कमी, लांबी जास्त ठेवा. अनुदान मिळतंय म्हणून मोठा बांधायचा आणि मग पाव भाग उकिरड्यावर टाकायचा, यात कसला फायदा?

उघडल्यावर नाक आणि हात वापरा

- पिवळसर-हिरवा रंग, आंबूस-गोड वास: उत्तम.
- तपकिरी रंग, तंबाखूसारखा वास: सुरुवातीलाच हवा राहून चारा तापला. जनावर खाईल, पण प्रथिनं नीट पचणार नाहीत.
- हात घातल्यावर गरम लागतो: हवा आत येते आहे. भोक शोधा, टेप लावा. उंदराचा एक दात पुरतो.
- पांढरी, काळी किंवा निळसर बुरशी: तेवढा भाग आणि आजूबाजूचा वीतभर काढून टाका. गाभण जनावराला तर अजिबात नको. अशा चाऱ्यातल्या लिस्टेरिया जिवाणूंमुळे गर्भपात होऊ शकतो.

सुरुवात ३ ते ५ किलोने करा आणि आठ-दहा दिवसांत पूर्ण मापावर या. जनावराच्या पोटातही हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचाच कारखाना चालू असतो. त्याला नव्या मालाची सवय व्हायला वेळ लागतो. दुधाला वास लागू नये म्हणून मुरघास धार काढल्यावर टाका.

गोबरगॅस: भूक ओळखून खाऊ घाला

महाराष्ट्राला गोबरगॅस नवा नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात मैल्यापासून गॅस काढण्याची सोय १८९७ मध्येच झाली होती. जशभाई पटेल यांचं तरंगत्या टोपीचं 'ग्रामलक्ष्मी' संयंत्र पन्नासच्या दशकात आलं आणि खादी ग्रामोद्योग आयोगाने ते देशभर नेलं. पुण्याजवळच्या देहूत डॉ. एस. व्ही. मापुसकर यांनी शौचालयाला जोडलेल्या संयंत्रांवर आयुष्य घालवलं. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. तंत्र जुनं आहे, तरी बंद पडलेल्या टाक्या गावोगाव दिसतात. कारण बहुतेक वेळा बांधकामात नसतं, खाऊ घालण्यात असतं.

टाकीत कामाची साखळी असते. काही जिवाणू शेणातले तंतू फोडतात, काही त्यांचं आम्ल करतात, आणि शेवटचा गट त्या आम्लापासून मिथेन करतो. (हा शेवटचा गट शास्त्राच्या हिशेबाने जिवाणूंहून वेगळा, 'आर्किया' या कुळातला.) आम्ल करणारे काही तासांत दुप्पट होतात; मिथेनवाल्यांना कित्येक दिवस लागतात. म्हणून जास्त शेण घातलं की जास्त गॅस मिळतो हा समज खोटा आहे. जास्त घातलं की आम्ल साचतं आणि मिथेनवाले माना टाकतात.

आकार. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर गॅस मिळतो. रोज ५० किलो शेण, म्हणजे बांधलेली चार-पाच जनावरं, असेल तर २ घनमीटरचं संयंत्र. त्यावर एक शेगडी दिवसाला चारेक तास चालते. महिन्याचा हिशेब मांडला तर १४.२ किलोच्या जवळजवळ दोन सिलिंडरांइतका गॅस होतो. शेण ३० किलोच असताना ४ घनमीटरची टाकी बांधणं ही सगळ्यात महागडी चूक.

सुरुवात. आपल्या हवामानात शेण टाकीत ४० दिवस राहील असा हिशेब धरतात. २ घनमीटरच्या संयंत्राला पहिल्या भरणीसाठी अंदाजे दोन टन शेण आणि तेवढंच पाणी लागतं. शेजारच्या चालू टाकीतली स्लरी, म्हणजे आंबलेला शेणकाला, मिळाली तर दहा-वीस बादल्या जरूर घाला; तयार मिथेनवाले त्यातूनच येतात. पहिला गॅस पेटत नाही, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो आणि हवाही मिसळलेली असते. तो मोकळ्यावर सोडून द्या. पेटतो की नाही हे टाकीपाशी किंवा पाइपाच्या तोंडाशी काडी ओढून बघू नका, शेगडीवरच बघा. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन मिसळलं की ठिणगीने स्फोट होऊ शकतो.

रोजचं काम. शेण-पाणी समसमान, गाठी फोडून, खडे-माती-काडी काढून. लांब काड्यांची वर साय धरते आणि गॅस अडतो. फिनाइलने धुतलेल्या गोठ्याचं पाणी टाकीत नको. दगडी झालेल्या गाईला प्रतिजैविकं चालू असतील तर तिचं शेण उकिरड्यावर टाका. औषध तिच्या जिवाणूंना मारतं तसं टाकीतल्यांनाही मारतं.

पुण्याच्या 'आरती' संस्थेतून डॉ. आनंद कर्वे यांनी दाखवून दिलं की पिठूळ आणि गोड उष्ट्या-खरकट्यापासून, किलोमागे, शेणाच्या कितीतरी पट गॅस मिळतो. संस्थेला त्यासाठी २००६ चा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. पण त्यांचं संयंत्र त्याच खाद्याला सरावलेलं होतं. लग्नाच्या पंगतीतला उरलेला भात तुमच्या शेणाच्या टाकीत एकदम ओतलात तर दोन दिवसांत ती आंबेल. मुरघासाची बिघडलेली पिशवीही टाकीत रिकामी करू नका: ती आधीच आंबट, वर काड्यांची. तिचं शेणखत करा.

टाकी आंबली तर काय कराल

गॅस कमी झाला, ज्योत धरत नाही, स्लरीला आंबट वास आणि वर फेस: ही लक्षणं. दुकानात सामू तपासण्याच्या कागदी पट्ट्या मिळतात. ६.८ ते ७.५ ठीक, ६.५ च्या खाली गेला तर आजार.

- शेण घालणं आठवडाभर पूर्ण बंद. हा निम्मा इलाज.
- चालू टाकीतली ताजी स्लरी रोज दोन-तीन बादल्या.
- चुन्याची निवळी थोडी-थोडी, दोन-तीन दिवसांच्या अंतराने. पोतं ओतू नका.
- गॅस परत आला की निम्म्या मापाने सुरू करा.

डिसेंबर-जानेवारीत गॅस कमी होणं वेगळं. या जीवांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. २० च्या खाली ते मंदावतात. त्या दिवसांत शेण वाढवू नका. पाणी उन्हात तापवून दुपारी कालवा आणि घुमटावर कुटाराचा जाड थर टाका. शेगडी फडफडत असेल तर आधी पाइपात साचलेलं पाणी काढा. दर वेळी जिवाणूंना दोष देण्यात अर्थ नाही.

बाहेर पडलेली स्लरी उन्हात वाळवू नका. त्यातला बराचसा नत्र अमोनियाच्या रूपात असतो आणि तो उडून जातो. ओलीच वावरात द्या, किंवा खड्ड्यात कुटारावर ओता.

टाकीत उतरायचं नाही. कुणीच नाही.

लोणारच्या काठावर कुजक्या अंड्यांचा वास अनेकांनी घेतला असेल. सरोवराच्या गाळात हवेशिवाय जगणारे जिवाणू सल्फेटवर भागवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. मोकळ्यावर तो फक्त वास असतो. टाकीत किंवा शेणाच्या विहिरीत तो जीव घेतो, आणि प्रमाण वाढलं की नाकाला कळेनासाच होतो. वास गेला म्हणजे धोका गेला, असं समजणारा माणूस खाली उतरतो.

एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यात शेणाच्या जुन्या विहिरीत पडलेलं मांजर काढायला एक जण उतरला, त्याला वाचवायला दुसरा, मग तिसरा. पाच जणांचा जीव गेला. आत प्राणवायू नसला की एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते. ओरडायलाही वेळ मिळत नाही.

- तोंडाला बांधलेला रुमाल कामाचा नाही. तो प्राणवायू देत नाही.
- कुणी पडलं तर मागून उतरू नका. ११२ ला फोन करा. हवेचा सिलिंडर लावलेली माणसंच उतरतील.
- टाकीचं झाकण आणि स्लरीचा खड्डा कायम बंद ठेवा, मुलं खेळतात तिथे तर नक्कीच.
- टाकी उपसायची असेल तर पंपाने, बाहेरून. शौचालय जोडलेलं असेल तर सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

अनुदान आणि तुमचे हक्क

गोबरगॅसचं अनुदान जिल्हा परिषदेच्या कृषी विभागातून मिळतं. धाडकरांनी बुलडाणा पंचायत समितीतल्या कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. केंद्राच्या राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रमाच्या नोव्हेंबर २०२२ च्या सूचनांनुसार १ घनमीटरला ९,८०० रुपये आणि २ ते ४ घनमीटरला १४,३५० रुपये मिळत. अनुसूचित जाती-जमातींना जास्त, आणि शौचालय जोडल्यास वर १,६०० रुपये. तो टप्पा २०२५-२६ पर्यंतचा. तेव्हा चालू वर्षाचा दर आणि शिल्लक उद्दिष्ट विचारून घ्या, आणि मगच खड्डा खणा. बांधकामाला मंजुरीआधी हात लावू नका. "अनुदान मी आणून देतो" म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका. योजनेतल्या संयंत्राला पाच वर्षांच्या देखभालीची हमी असते. ती कागदावर, सही-शिक्क्यासह मागा.

तयार मुरघास विकत घेत असाल तर मोजून घ्या, एक पिशवी समोर फोडायला लावा आणि पक्कं बिल घ्या. बुरशीचा माल निघाला तर फोटो त्याच दिवशी काढा आणि विक्रेत्याला लेखी कळवा. स्वतःच्या उपजीविकेसाठी खरेदी करणारा शेतकरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकच आहे. दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, वकील लावायची सक्ती नाही आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. कुटी यंत्र, पिशव्या, कल्चरची पाकिटं यांनाही हेच लागू. कल्चरच्या पाकिटावरची मुदत मात्र घेतानाच वाचा, कारण मुदत उलटली की आतले जिवाणू बहुधा मेलेले असतात.